गायक जागेवरून का हलतो? कॉम्प्रेसरमधल्या एका छोट्या बटणाची गोष्ट

मंडळी, आज वाचायला बसण्याआधी एक छोटं काम करा. हेडफोन लावा आणि एखाद्या मराठी मैफलीचं चांगलं ध्वनिमुद्रण सुरू करा. डोळे मिटा. गायक कुठे आहे? बहुधा अगदी मधोमध, नाकासमोर. तबला थोडा डावीकडे, हार्मोनियम थोडी उजवीकडे. प्रेक्षकांत बसल्यावर आपल्याला मंच असाच दिसतो, म्हणून ध्वनिमुद्रणातही बऱ्याचदा तीच मांडणी ठेवतात.

आता गंमत पाहा. तुमच्या कानांवर दोनच स्पीकर आहेत, एक डावा आणि एक उजवा. मधे काहीच नाही. मग गायक मधे कसा बसला?

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून कळलं होतं, पण नीट समजलं ते फजिती झाल्यावर. आमच्या इथल्या मंडळाचा दिवाळीचा गाण्यांचा कार्यक्रम होता. ध्वनिमुद्रणाचं काम हौसेने मी अंगावर घेतलं. घरी येऊन मिक्सिंग केलं, आवाज भरदार व्हावा म्हणून शेवटी कॉम्प्रेसर लावला आणि फाइल सगळ्यांना पाठवून दिली. दोन दिवसांनी गाणाऱ्या काकांचा फोन आला. म्हणाले, "अरे, मी एका जागी बसून गात होतो ना? मग यात डग्गा वाजला की मी उजवीकडे का सरकतोय?"

मी ऐकलं. काका खरंच सरकत होते. प्रत्येक समेला थोडे उजवीकडे, आणि मग हळूहळू परत मधे. चूक होती कॉम्प्रेसरवरच्या एका बटणाची. ते बटण नेमकं काय करतं, हे आज पाहूया.

मधला गायक हा भास आहे

दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज सारख्या पातळीवर आला, की मेंदू त्याला मधे बसवतो. एका बाजूची पातळी वाढली, की आवाज तिकडे सरकतो. स्पीकरसमोर नेमक्या जागी बसलं तर साधारण १५ ते १८ डेसिबलचा फरक आवाज पूर्णपणे एका स्पीकरवर नेऊन ठेवायला पुरतो. त्याहून बराच कमी, म्हणजे ३ डेसिबलचा फरकही गायकाला मधून हलवतो.

थोडक्यात, मंचावरची प्रत्येकाची जागा ही डाव्या आणि उजव्या पातळीतल्या फरकावर उभी आहे. तो फरक बिघडला की जागा बिघडली. आणि कॉम्प्रेसरचं तर कामच पातळी बदलण्याचं आहे!

कॉम्प्रेसर करतो काय?

आवाज वाढवण्या-कमी करण्याच्या खुंटीवर बोट ठेवून बसलेला एक अतिशय चपळ माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला सांगितलेलं असतं, "आवाज या रेषेच्या वर गेला की लगेच कमी कर, खाली आला की पूर्ववत कर." ती रेषा म्हणजे थ्रेशोल्ड. किती कमी करायचा ते ठरवतो रेशो. किती चपळाईने कमी करायचा तो अटॅक, आणि किती सावकाश पूर्ववत करायचा तो रिलीज.

आकड्यांत बघू. डिजिटल मोजपट्टीवर सर्वांत वरचं टोक शून्य असतं, म्हणून बाकीचे आकडे उणे असतात. समजा थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आहे आणि रेशो ४ ला १. डग्ग्याची थाप आली उणे १२ वर, म्हणजे रेषेच्या ८ डेसिबल वर. रेशो चारचा असल्याने या आठातले दोनच शिल्लक राहतात. आवाज बाहेर पडतो उणे १८ वर. घट झाली ६ डेसिबल. सिग्नलच्या उंचीच्या हिशेबात ६ डेसिबल घट म्हणजे जवळजवळ निम्मं.

आता मुख्य प्रश्न. आपल्याकडे चॅनल आहेत दोन. मग खुंटीवर बसलेली माणसं किती? एक की दोन? आणि दोन असतील, तर ती एकमेकांशी बोलतात का?

स्टेरिओ मोडचं बटण याच प्रश्नाचं उत्तर देतं.

एकच क्षण, चार उत्तरं

हिशेब सोपा राहावा म्हणून मैफलीतला एकच क्षण घेऊ आणि हार्मोनियम तेवढ्यापुरती बाजूला ठेवू. काकांचा आवाज मधे आहे, म्हणजे डावीकडे १० आणि उजवीकडे १०. डग्गा फक्त डावीकडे आहे, २०. म्हणजे डाव्या चॅनलमध्ये एकूण ३०, उजव्यात १०. या क्षणी कॉम्प्रेसर जिथे चालेल तिथे सिग्नल निम्मा करतो असं धरू.

*पहिलं उत्तर: ड्युअल मोनो.* माणसं दोन आणि त्यांचं आपसात बोलणं नाही. डावीकडचा बघतो, ३० आले, फार झाले, निम्मे करा. उजवीकडचा बघतो, १० आहेत, ठीक आहे, हात लावायला नको. परिणाम असा: डावीकडे डग्गा १० आणि काका ५. उजवीकडे काका १०.

काकांकडे बघा. डावीकडे ५, उजवीकडे १०. सहा डेसिबलचा फरक पडला आणि काका उजवीकडे गेले. त्यांनी काहीच केलं नव्हतं. डग्गा वाजला, आणि शिक्षा झाली डाव्या चॅनलमधल्या प्रत्येकाला. अटॅक जलद असल्याने ते झटकन गेले आणि रिलीज सावकाश असल्याने रेंगाळत परत आले. माझ्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं होतं.

*दुसरं उत्तर: लिंक्ड स्टेरिओ.* इथे निर्णय एक आणि तो दोन्ही खुंट्यांना लागू. डावीकडे ३० आले म्हणून दोन्ही बाजू निम्म्या. डावीकडे डग्गा १०, काका ५. उजवीकडे काका ५.

काका पुन्हा मधे! जागा सलामत. पण किंमत मोजावी लागली. डग्गा वाजला की काकांचा आवाज दोन्हीकडून निम्मा होतो. सरकत नाहीत, पण दबतात. घट फार असेल तर तालाबरोबर सगळी मैफल श्वास घेतल्यासारखी खालीवर होते.

बहुतेक लोक इथेच थांबतात: "लिंक करा, प्रश्न मिटला." प्रश्न मिटत नाही, बदलतो. जागा वाचवायची तर पातळी द्यावी लागते, पातळी वाचवायची तर जागा. म्हणून काही कॉम्प्रेसरांत लिंक टक्क्यांत ठेवता येते. पन्नास टक्के ठेवली तर साधारणपणे डावीकडे ६ डेसिबल घट झाली की उजवीकडे ३ होते. काका थोडे सरकतात, थोडे दबतात. दोन्ही गोष्टी इतक्या कमी की कान माफ करतो.

*तिसरं उत्तर: फक्त मिडवर कॉम्प्रेशन.* आता हिशेब जरा वेगळ्या प्रकारे मांडायचा. डावा आणि उजवा असे दोन ढीग करण्याऐवजी त्यांची बेरीज आणि वजाबाकी असे दोन ढीग करायचे. बेरजेला म्हणतात मिड, वजाबाकीला साइड. आपल्या क्षणात मिड झाला ३० अधिक १०, म्हणजे ४०. साइड झाला ३० उणे १०, म्हणजे २०. परत यायचं असेल तर मिड आणि साइडची बेरीज करून निम्मी केली की डावा मिळतो (६० चे निम्मे ३०), आणि वजाबाकी करून निम्मी केली की उजवा (२० चे निम्मे १०). काहीही हरवत नाही.

साइडमध्ये काका अजिबात नाहीत, हे लक्षात आलं का? दोन्हीकडे सारखे होते, म्हणून वजाबाकीत उडाले. गाण्यातून गायकाचा आवाज काढून कराओके बनवायची जुनी युक्ती ती हीच.

आता मिड निम्मा करू. ४० चे २०. साइड तसाच, २०. परत डावा-उजवा काढला तर डावीकडे डग्गा १५ आणि काका ५. उजवीकडे काका ५ आणि डग्गा उणे ५.

काका मधेच राहिले, दबले मात्र. पण डग्ग्याकडे बघा. उजवीकडे तो मुळात नव्हताच. आता आहे, आणि तोही उलट्या चिन्हाने, म्हणजे डावीकडची लहर वर जाते तेव्हा उजवीकडची खाली. असा आवाज हेडफोनमध्ये विचित्र वाटतो, डोक्याबाहेर पसरल्यासारखा. "मिड-साइडने मिक्स रुंद होतो" असं तुम्ही ऐकलं असेल. ती रुंदी येते ती इथून.

*चौथं उत्तर: फक्त साइडवर कॉम्प्रेशन.* मिड ४० तसाच ठेवू, साइड २० चे १० करू. डावीकडे डग्गा १५, काका १०. उजवीकडे डग्गा ५, काका १०.

काका दोन्हीकडे १०. ना सरकले, ना दबले. डग्गा मात्र क्षणभर थोडा मधे आला आणि थोडा मऊ झाला. माझ्या कार्यक्रमाला कदाचित हेच सर्वांत बरं दिसलं असतं. पण त्यातही एक मेख आहे. ही फाइल कुणी फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकली, तर फोन डावा-उजवा मिसळतो. त्या बेरजेत साइड उरतच नाही, आणि तुमच्या कॉम्प्रेशनचा तिथे पत्ताही लागत नाही. हेडफोनवर मऊ वाटलेला डग्गा फोनवर तसाच आदळतो.

चारही उत्तरांत कुणाला तरी किंमत द्यावी लागली. कुणी जागा दिली, कुणी पातळी, कुणी दोन्हीतलं थोडं थोडं. बटण आपल्याला विचारतं ते एवढंच: किंमत कुणी द्यायची?

लिंक तर केली, पण ऐकायचं कुणाचं?

लिंक्ड मोडमध्ये निर्णय एक असतो, पण तो कशावरून घ्यायचा? काही कॉम्प्रेसर दोन्हींपैकी जो चॅनल मोठा असेल त्याचं ऐकतात. काही दोघांची बेरीज करून ती ऐकतात. हा फरक लहान वाटतो, पण नाही.

बेरीज ऐकणाऱ्याला मधला आवाज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने मोठा ऐकू येतो, कारण तो दोन्हीकडून येतो. एकाच बाजूचा आवाज एकपटच राहतो. त्यामुळे असा कॉम्प्रेसर गायकावर जास्त तुटून पडतो आणि कडेच्या वाद्यांना सैल सोडतो. आणि डाव्या-उजव्यात अगदी उलट्या चिन्हाचा आवाज असेल तर बेरीज शून्य! बाहेर केवढाही गोंगाट असो, कॉम्प्रेसरला शांतताच ऐकू येते.

म्हणून दोन कॉम्प्रेसरांवर "लिंक" हाच शब्द लिहिला असला तरी ते सारखे वागतीलच असं नाही.

बेरीज-वजाबाकी सुचली कुणाला?

मिड-साइड ही संगणकाच्या जमान्यातली करामत वाटते, पण तिची मुळं जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहेत. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाचा इंजिनिअर होता. एकदा बायकोबरोबर सिनेमा बघताना त्याला खटकलं की नट पडद्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येत राहतो, असं सांगतात. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आपण आज ज्याला स्टेरिओ म्हणतो त्याच्या बऱ्याच कल्पना त्या एका पेटंटात आहेत. दोन मायक्रोफोनच्या सिग्नलची बेरीज आणि वजाबाकी करून त्यांवर वेगवेगळी प्रक्रिया करायची, ही कल्पना त्यात आहे. एकाच खाचेत दोन चॅनल कसे कोरायचे, तेही त्यात आहे. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचं प्रायोगिक स्टेरिओ ध्वनिमुद्रण त्याने केलं. दुर्दैवाने ७ जून १९४२ रोजी रडारच्या चाचणीसाठी गेलेलं विमान कोसळून तो गेला. वय अवघं ३८. घराघरांतल्या स्टेरिओ तबकड्या त्याने पाहिल्याच नाहीत.

त्या तबकड्या बाजारात आल्या १९५७-५८ च्या सुमारास. त्यांच्या खाचेच्या दोन भिंती प्रत्येकी ४५ अंशांत कललेल्या असतात, एकीवर डावा चॅनल, दुसरीवर उजवा. भूमिती अशी जुळते की दोन्ही चॅनलमधला समान आवाज सुईला आडवा हलवतो आणि फरकाचा आवाज सुईला वर-खाली हलवतो. म्हणजे सुईचं आडवं हलणं हा मिड आणि उभं हलणं हा साइड! हे उभं हलणं फार झालं तर खाच कुठे उथळ, कुठे खोल होते आणि घरी सुई उडी मारते. तेव्हा तबकडी कोरणाऱ्यांना आडवं आणि उभं वेगवेगळं आवरणारं यंत्र हवं होतं.

१९५९ च्या सुमारास आलेला फेअरचाइल्ड ६७० हा त्यातला सर्वांत गाजलेला. मूळचा एस्टोनियाचा इंजिनिअर राइन नार्मा याने तो बनवला. आत २० व्हॅक्यूम ट्यूब, आणि वजन सुमारे ३० किलो. त्यावर डावा-उजवा की आडवा-उभा असं निवडायचं बटण होतं. आज प्लगिनवर आपण "मिड-साइड" निवडतो, ते त्याच बटणाचे वंशज. सुई उडू नये म्हणून जन्मलेली सोय आता मैफल रुंद करायला वापरली जाते.

तुमच्या गाडीतला एफएम रेडिओही हीच बेरीज-वजाबाकी वापरतो. अमेरिकेने १९६१ मध्ये मान्य केलेल्या पद्धतीत मुख्य सिग्नल बेरजेचा असतो आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसून येते. जुन्या मोनो रेडिओला बेरीज पुरते, म्हणून तो निकामी झाला नाही.

मग कोणता मोड कधी?

पूर्ण तयार मिक्सवर, म्हणजे मास्टरिंगला, सुरुवात लिंक्डपासून करा. मंचावरच्या जागा ठरून गेलेल्या असतात, त्या हलवायचा अधिकार कॉम्प्रेसरला नको. सगळंच दबतंय असं वाटलं तर लिंकचे टक्के हळूहळू कमी करा आणि हेडफोनवर फक्त गायकाच्या जागेकडे लक्ष ठेवा. तो हलला की थांबा, थोडं मागे या.

हार्मोनियमवर किंवा समूहगायनावर दोन मायक्रोफोनची जोडी असेल तर तीही लिंक्ड. ते दोन मायक्रोफोन मिळून एक चित्र असतं.

तबल्याला दोन मायक्रोफोन असतील, एक तबल्याला आणि एक डग्ग्याला, तर लिंक सोडून बघा. नाहीतर डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला तबल्याची चाट दबेल.

मिड-साइड हे औषधासारखं वापरा. रोग माहीत असेल तरच घ्या, आणि घेतल्यावर फोनच्या एका स्पीकरवर एकदा ऐकून खात्री करा.

आणि एक प्रसंग असा, जिथे लिंक्ड मोड साफ चुकतो. आपल्यापैकी अनेक जण भारतात गेलो की आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करतो. दोन कॉलर माइक, डाव्या चॅनलवर आजी, उजव्यावर आपण. ही स्टेरिओ फाइल दिसते, पण ती स्टेरिओ नाही. दोन स्वतंत्र माणसं एका फाइलमध्ये आहेत, एवढंच. तिथे लिंक्ड कॉम्प्रेसर लावला, तर तुम्ही मोठ्याने हसलात की आजीचा आवाज दबतो. तिचं वाक्य नेमकं तुमच्या हसण्याखाली जातं. तिथे ड्युअल मोनोच हवा, दोघांना आपापली खुंटी.

स्वतः करून बघा

तुमच्याकडे ध्वनीचं कोणतंही सॉफ्टवेअर आणि मोड बदलता येणारा कॉम्प्रेसर असेल, तर दहा मिनिटांचा प्रयोग. स्वतःचा बोलण्याचा आवाज रेकॉर्ड करून मधे ठेवा. टेबलावरच्या थापा रेकॉर्ड करून पूर्ण डावीकडे ठेवा. दोन्हींवर मिळून कॉम्प्रेसर लावा आणि थापेला ६ डेसिबल घट दिसेल इतका थ्रेशोल्ड खाली आणा. हेडफोन लावा, डोळे मिटा, एकेक मोड बदला. वरचे चार हिशेब तुमच्या कानाला आपोआप कळतील.

काकांच्या ध्वनिमुद्रणाचं काय झालं? कॉम्प्रेशन झालेल्या फाइलमधून ते सरकणं काढता येत नाही. किती आणि केव्हा घट झाली याची नोंद त्या फाइलमध्ये नसते. माझं नशीब की प्रत्येक मायक्रोफोनच्या मूळ फाइली मी पुसल्या नव्हत्या. पुन्हा मिक्स केलं, लिंक्ड ठेवलं, घट दोनेक डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. आवाज पहिल्याइतका भरदार नाही झाला, पण काका जागेवर राहिले. नवी फाइल पाठवल्यावर त्यांचा एका ओळीचा निरोप आला: "आता बसलो नीट."

तेव्हा कोणताही मोड निवडा, पण मूळ फाइली जपून ठेवा. बटण परत फिरवता येतं ते तेवढ्यामुळेच.